दाराकडे कललेला घट

"घट एकदा मांडला की उठेस्तोवर हलवायचा न्हाई, झुंबर. आन् तोंडातून गेलेला शब्द बी."

सासू जाऊन वर्षं झाली, तरी हे बोलणं झुंबरबाईंच्या कानात ताजं होतं. तिसगावच्या त्या घरात नवरात्रात घटी बसायच्या त्या झुंबरबाईच. उपास, तेलवात, आणि घट उठेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. मधल्या खोलीला खिडकी नव्हती; दाराच्या फटीतून येईल तेवढाच दिवस. घटाभोवतीच्या मातीत गव्हाचे कोंब वर आले होते, पिवळेधमक, लांबुडके.

यंदा लेक चांगुणाही अडकली होती. नगरला कॉलेजात विज्ञान शिकणारी पोर घरी आली, आणि थोरल्या दिरांनी, आसाराम आबांनी, तिचं परत जाणं अडवलं. कोंब सगळे दाराकडे कलले होते ना!

"लक्ष्मी भाईर निघालीय," आबा उंबऱ्यातूनच म्हणाले. "दुष्काळ तोंडावर, आन् पोरीला नगरला धाडू? देवीच नको म्हणतीया."

दसरा झाला की मी स्वतः तुला एसटीत बसवीन, असा शब्द त्यांनी लेकीला दिला होता. नवरा कोपरगावकडे साखर कारखान्यावर. घरात हुकूम आबांचा.

आबा गेल्यावर चांगुणा कुजबुजली, "आये, यात देवीचा राग कुठंय? कोंबाच्या शेंड्यात एक रस असतो, वाढीचा. उजेड एका अंगानं आला की तो रस अंधाराच्या अंगाला सरकतो. ती बाजू जास्त लांबते, म्हणून कोंब उजेडाकडं वाकतो. फट दाराला आहे, तर तो दाराकडंच वाकणार!"

"आन् येवढा उंच, पिवळा?"

"अंधारात त्याला एकच काम. उजेड सापडेपर्यंत लांबायचं. ऊन लागलं की लांबणं आवरतं, पान पसरून हिरवं होतं."

झुंबरबाई कोंबांकडे बघत राहिल्या. "म्हंजे आमी भरभराट म्हणून टोपीत खोवतो, ते बिचारं उजेडापायी तडफडत असतं व्हय?"

"घट फिरवून बघ. कोंब उलटे वळतील, आबांना दाखवू."

"घट हलवायचा न्हाई," झुंबरबाई हळूच म्हणाल्या.

चांगुणा भिंतीला टेकून बसली. खोलीत धुपाचा वास कोंदला होता. झुंबरबाईंनी मान वर केली. देवीच्या मागं, छताजवळ, एक झरोका चिंध्यांनी बुजवलेला होता.

"उजेडाबद्दल सासूबाई काय बोलल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. त्यांनी दाराला घोंगडी लावली आणि लेकीला झरोक्यातल्या चिंध्या ओढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कोंब देवीकडे झुकलेले होते. चांगुणा हसत आबांना बोलवायला धावली.

आबांनी वाकून बघितलं. मग सावकाश म्हणाले, "घट फिरवलास, झुंबर? येवढे उपास करून?"

"हात लावला न्हाई, आबा. उजेड फिरवला फकस्त."

"उजेड काय तुझा गडी हाय, फिर म्हटलं की फिरायला? देवीला फसवतीस आन् मला बी?"

झुंबरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सारं सोसलं असतं. व्रत मोडल्याचा बोल सोसवेना. आबांनी चांगुणाच्या ट्रंकेला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली.

दसऱ्याला घट उठला. आबांनी टोपीत कोंब खोवला आणि पुरुषमंडळींबरोबर शिलंगणाला गेले.

झुंबरबाईंनी देवीपुढं डोकं टेकलं. पोरीला नेसायला आपली दोन लुगडी आणि ट्रंकेबाहेर राहिलेली तिची वह्यापुस्तकं त्यांनी चादरीत बांधली.

"आये, आबा परत येतील तेव्हा?"

"तवाचं तवा."

बोचकं डोक्यावर घेऊन त्यांनी उंबरा ओलांडला. उन्हानं डोळे दिपले, म्हणून क्षणभर थांबल्या. मग लेकीचा हात धरून एसटीच्या फाट्याकडे चालू लागल्या.