चिवड्याला दिसलेला सिंह

मालू दोनदा आफ्रिकेला जाऊन आली होती, आणि दोन्ही वेळा सिंह न बघता परत आली होती. ही गोष्ट तिने लपवली असती तरी चाललं असतं. पण चाळीस वर्षं कोपरीच्या बाजारात मासळी विकताना तिने शिळ्या पापलेटला ताजं म्हटलं नव्हतं, त्यामुळे न बघितलेला सिंह बघितला म्हणणं तिच्या जिभेला जमेना.

"बगलास का गं सिंह?" शेजारच्या पाटीवरची केशरबाई विचारायची.

"नाय बगला."

"मी बगला. बोरिवलीला. जाळीच्या गाडीतनं. घरी येऊन वरनं जेवलेपण."

यावर मालूची सुरी जरा जास्त जोरात चालायची.

दोष सिंहांचा नव्हता. दोष मालूच्या नवऱ्याचा, दामाजींचा होता. दामाजी बस डेपोत कंट्रोलर होते. बत्तीस वर्षं कुठली गाडी कधी सुटणार, कुठला ड्रायव्हर कुठल्या ड्युटीवर, हे त्यांनी ठरवलं. रिटायर झाले तेव्हा डेपोने त्यांना शाल, नारळ आणि त्यांचीच जुनी शिट्टी दिली. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, शिट्टी गळ्यात राहिली.

पहिल्या टूरला, दक्षिण आफ्रिकेत, संध्याकाळी सिंह बघायला निघायचं होतं. दामाजींनी ड्रायव्हरला विचारलं, सकाळी किती वाजता ड्युटीवर आलास? त्याने सांगितलं, चारला. दामाजींनी बोटांवर हिशेब केला आणि ड्युटीचे तास भरलेत म्हणून त्याला झोपायला पाठवून दिलं. ड्रायव्हर मिठी मारून गेला. अख्खा ग्रुप हॉटेलच्या लॉनवर बसून भेळ खात राहिला.

सीट-चार्टची सुरुवात त्यानंतर झाली. ग्रुप टूरमध्ये खिडकीवरून भांडणं होतात हे दामाजींना माहीत होतं, म्हणून दुसऱ्या टूरला, टांझानियाला, त्यांनी त्यांच्या जीपचा चार्टच काढला. जीपमध्ये माणसं पाच. दामाजी आणि मालू, डोंबिवलीचे सलिल आणि कल्पिता, आणि कल्याणच्या रिटायर्ड शिक्षिका हेमाताई. सीट मात्र सहा. डावीकडे पुढून मागे एक, दोन, तीन. उजवीकडे मागून पुढे चार, पाच, सहा. दर पाऊण तासाने शिट्टी वाजली की प्रत्येकाने एक नंबर पुढे सरकायचं. सहावी सीट रिकामी फिरवण्यात अर्थ नाही म्हणून कल्पिताच्या खाऊच्या पिशवीलाही नंबर मिळाला. चिवडा, चकली, बाकरवडी, आणि एका डब्यात मेथीचे ठेपले. पिशवी फिरायची, तीही रांगेने.

आणि टांझानियात नेमकं असं झालं की सिंह डावीकडे आला तेव्हा डावीकडच्या मधल्या खिडकीत पिशवी बसली होती. मालू उजवीकडे होती. जीपचं छप्पर वर उचललेलं होतं, बाकीचे उभे राहून बघत होते. पण मालूची उंची चार फूट नऊ इंच. उभी राहिली की तिचे डोळे बरोबर पत्र्यासमोर यायचे.

"अवो, मी त्या पिशवीच्या जागेवर जाऊ?"

"तुझा डावीकडचा नंबर पंचवीस मिनिटांनी आहे," दामाजी म्हणाले. "सगळे एका बाजूला आले तर गाडीचा बॅलन्स जातो."

पंचवीस मिनिटांनी तिचा नंबर आला. सिंहाला चार्ट दाखवलेला नसल्यामुळे तो थांबला नाही.

"त्यो सिंह चिवड्यानं बगला," मालू घरी आल्यावर सगळ्यांना सांगत होती. तिसऱ्या टूरचं, केनियाचं नाव निघालं तेव्हा तिने जेवणाच्या ताटावरच दामाजींना सांगून टाकलं, "या वेळी मना सिंह नाय दिसला, तर पुढं तुमी आनि तुमची शिट्टी जा. मी नाय येणार."

दामाजींनी हे फार मनावर घेतलं. म्हणजे त्यांनी चार्ट आणखी कडक केला. आधी गोंधळ झाला तो सरावाअभावी, असं त्यांचं निदान होतं. म्हणून निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला, जीपमधल्या त्याच सगळ्यांना कोपरीला बोलावलं, आणि येऊरपर्यंत रंगीत तालीम काढली. पुढच्या सहा सीटना नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कल्पिताने खरी पिशवी आणायची गरज नव्हती, पण तालमीसाठी तिने भरून आणली.

माजिवड्याला पुलाखाली गाडी अडकली. दामाजींना वाटलं, थांबलेली गाडी, उत्तम संधी. त्यांनी खिडकी उघडून शिट्टी वाजवली.

आतल्या पाच जणांनी सीट बदलल्या. बाहेर मात्र दोन रिक्षा, एक सिमेंटचा मिक्सर आणि शाळेची सहलीची बस जागच्या जागी थांबली, आणि डाव्या रांगेतल्या सगळ्यांनी एकदम उजवीकडे घ्यायला सुरुवात केली. दामाजींनी गाडीत चूक झाली म्हणून पुन्हा वाजवली. तेव्हा उजवीकडचेही थांबले. पाच मिनिटांत पूल, सर्व्हिस रोड आणि त्याच्यामागचा सिग्नल असं सगळं घट्ट बसलं. ट्रॅफिकचा हवालदार गाड्यांच्या मधून अंग चोरत आला.

"कोण वाजवतंय?"

दामाजींनी चार्ट पुढे केला. हवालदाराने तो उलटा धरून वाचला, मग सुलटा.

"काका, सिंह कुठंय?"

"केनियात."

"मग इथं का वाजवता?"

मालूने पदर डोक्यावरून पुढे ओढला. मागच्या सीटवर हेमाताई पुटपुटल्या, "चाळीस वर्षं मुलांना रांगेत उभं केलं हो, पण असं कुणी फिरवलं नव्हतं मला."

केनियात पहिल्याच सकाळी ड्रायव्हरने शिट्टी बघितली आणि हात पुढे केला. त्याचं नाव मुतुआ. मराठी ग्रुप नेऊन नेऊन त्याला 'चला चला' आणि 'पाच मिनिटं' एवढं मराठी येत होतं. जंगलात आवाज बंद, हे त्याने इंग्रजीत, हिंदीत आणि खुणांनी सांगितलं. दामाजींनी मान डोलावली, शिट्टी शर्टाच्या आत टाकली आणि घड्याळाकडे बघून कुजबुजत हुकूम देऊ लागले. "रोटेशन. हळू. सलिलराव, तुम्ही पाच."

दुसऱ्या दिवशी गवतात सिंहीण दिसली ती रोटेशनच्या मधोमध. सलिलच्या कॅमेऱ्याचा पट्टा हेमाताईंच्या स्वेटरच्या बटणात अडकला, कल्पिता पिशवी घेऊन दोघांच्या मधे, आणि मालू सगळ्यांच्या खाली. सुटका झाली तेव्हा समोर नुसतं गवत हलत होतं.

"दिसली का?" दामाजींनी विचारलं.

"तुमचा गुडघा दिसला," मालू म्हणाली.

त्या रात्री तंबूत ती त्यांच्याकडे पाठ करून झोपली.

तिसरा दिवस, शेवटचा. दुपारी छोट्या विमानाने नैरोबीला परत. साडेअकरापर्यंत झेब्रे, जिराफ आणि एकच पाणघोडा झाला. मग मुतुआने एका उघड्या माळावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं, आणि नुसता बसून राहिला.

काही वेळाने लांबून एक जीप आली. मग दुसरी. मग चार. सगळ्या यांच्याभोवती अर्धगोल करून थांबल्या आणि लोकांनी यांचेच फोटो काढायला सुरुवात केली.

कल्पिताने आधी केस नीट केले, मग टोपी तिरकी केली. "फॉरेनर्सना आपल्या बायकांचं कौतुक असतं हो मालूताई."

"माझं कशाला काढतात?" सलिल म्हणाला. त्यानेही पोट आत घेतलं.

मुतुआ मागे वळला. त्याने एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या बोटाने खाली दाखवलं. "लायन. गाडी के नीचे. छाँव में."

आणि मग मालूला वास आला. ओल्या गोणपाटाचा, उन्हात तापलेल्या कातड्याचा, आणि त्यात कालच्या मांसाचा. एवढा जवळ की तो कुठे सुरू होतो आणि आपली चप्पल कुठे संपते हे कळेना. पायाखालचा पत्रा मधूनच थरथरायचा, खाली कुणी पाठ घासत असल्यासारखा.

तीन टूर, कितीतरी विमानं, एक माजिवडा, आणि सिंह तिच्यापासून दीड हातावर. चहूबाजूंच्या जीपमधल्या लोकांना तो सबंध दिसत होता. फक्त या गाडीतल्या पाच जणांना दिसत नव्हता.

सलिलने सेल्फी-स्टिकला मोबाईल लावून खिडकीतून खाली सोडला. खाली काहीतरी फटकन् वाजलं. काठी वर आली, मोबाईल आला नाही.

"त्यात घराच्या हप्त्याचा पासवर्ड होता," सलिल रडवेल्या आवाजात म्हणाला.

अर्धा तास असाच गेला. मालू तीन नंबरवर होती, डावीकडे सगळ्यात मागे. तिने डोकं खिडकीला टेकवून खाली बघितलं. शेपटीचा काळा गोंडा दिसला, एकदा गवतावर आपटला आणि आत गेला. ती तशीच वाकून राहिली. कधीतरी उठेलच. ऊन सरकत होतं, सावली पातळ होत होती.

तेव्हा पुढून कुजबुज आली. "सव्वाबारा. रोटेशन."

हेमाताई निमूटपणे सहावरून एकवर गेल्या. सलिल पाचवर, कल्पिता सहावर. दामाजी दोनवर आले आणि तिथली पिशवी त्यांनी छातीशी धरली. पिशवीला आता तीन नंबर हवा होता.

"मालू. चार."

मालू हलली नाही.

"मालू, तुझा चार आलाय. हा पिशवीचा."

"पिशवीला चारवर बसवा."

"असं कसं, क्रम आहे."

"मी नाय उठणार."

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. दामाजींच्या हुकमावर ती पहाटेच्या बाजारातून उठून घरी आली होती, लग्नाच्या पंगतीतून उठली होती, आजारपणातून उठली होती. नाही म्हणायची वेळच कधी आली नव्हती. दामाजींना काय करावं सुचेना. आणि काही सुचलं नाही की त्यांचा हात जिकडे जायचा तिकडे गेला. शर्टाच्या आतून शिट्टी निघाली, तोंडात गेली आणि डेपोच्या गेटवर वाजायची तशी लांबलचक वाजली.

मुतुआने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

गाडी एकदा खालून उचलल्यासारखी झाली, आणि सिंह डावीकडून, मागच्या खिडकीखालून बाहेर आला. बरोबर मालूच्या समोर उभा राहिला आणि वर बघू लागला. आयाळीत गवताच्या काड्या, एक कान फाटलेला, भुवईवर तीन माश्या. दुपारची झोप मोडलेल्या माणसाचा सगळा वैताग त्याच्या तोंडावर होता. मालूने सवयीप्रमाणे आधी डोळा बघितला. पिवळा, स्वच्छ, पाणीदार. मग दात. मग पुन्हा डोळा. तोही तिला तेवढाच वेळ बघत राहिला, भाव करायला थांबल्यासारखा. मग त्याने जांभई दिली आणि कुणाचीही घाई नसल्यासारखा माळावर चालत गेला.

तिच्या मागे दामाजी पिशवी घेऊन उभे होते. त्यांना मालूची पाठ, तिचा अंबाडा आणि अंबाड्यातली जाळी दिसली. सलिल मोबाईल खाली शोधत होता. कल्पिता अजून पलीकडच्या जीपकडे बघून हसत होती.

मुतुआ त्यांना जे बोलला त्यातलं मराठी फक्त 'चला चला' होतं. गाडी विमानाच्या पट्टीकडे निघाली.

थोडं पुढे गेल्यावर दामाजी मागे वळले. "मालू. कसा होता गं?"

"ताजा," मालू म्हणाली. खिडकीतून तिने तोंड वळवलं नाही.

"मोठा होता?"

"तुमच्यापरीस मोठा. पन शिट्टी वाजली का उठतो, तुमच्या डेपोतल्यासारखा."

दामाजींनी पेन काढून चार्टवर काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. "आता चार नंबर तुझा राहिला. तू तीनवर. पिशवी कुठं धरायची?"

"मांडीवर."

त्यांनी मांडीवर धरली. चार नंबरची सीट पट्टीपर्यंत रिकामीच राहिली. त्या सीटच्या खिडकीतून वाटेत दोन हत्ती आणि त्यांचं पिल्लू दिसलं, अगदी जवळून. पण तिथे बसायचा नंबर मालूचा होता, म्हणून बाकीच्या चौघांपैकी कुणी तिकडे सरकलं नाही.