दूध गाळणाऱ्या नरसाळ्याची हाक

मी एक जुने लाकडी नरसाळे आहे. मित्रांनो, आल्प्सच्या कुरणावर सकाळी माझ्यातून दूध गाळत आणि दिवस मावळताना गुराखी माइनराड मला तोंडाला लावून रक्षणाची प्रार्थना गाई. आवाज पोचेल तिथवर गुरांना धोका नाही, अशी समजूत होती. शेवटी तो एक योडल सोडी, म्हणजे छातीतला आवाज मध्येच मोडून एकदम वर चढवी. समोरचा कडा तो तीनदा परत करी. तोवर सगळे गप्प उभे राहत.

त्या उन्हाळ्यात शहरातून एक प्राध्यापक योडलचा उगम शोधायला आले.

"उगम कसला? गाईंमुळे सुरू झालं," माइनराड म्हणाला. "शब्दांनी बोलावलं की बहिऱ्या होतात."

"तुझ्यासारख्याच," त्याची थोरली बहीण रेगुला म्हणाली.

प्राध्यापकांकडे आधीच चार उगम होते : गुरांची हाक, दरीपलीकडे निरोप, शिंगाची नक्कल, पडसादाची नक्कल. संध्याकाळी लिहायला उजेड पुरत नाही, म्हणून त्यांनी प्रार्थना भर दुपारी गायला सांगितली. माइनराडने गायली. कडा दोनदाच बोलला.

"एक कमी आला रे. गुरं कड्याखालून काढ."

"ताई, दुपारी कडासुद्धा डुलकी काढतो."

संध्याकाळी त्याने मला खुंटीवरून काढलेच नाही. "आजची झाली की. देवाला तेच दोनदा सांगायचं म्हणजे त्याला विसराळू म्हटल्यासारखं." प्राध्यापकांनी हेही टिपून घेतले.

रेगुलाने मला उचलले. बायकांनी मला तोंड लावायचे नसते. तिने योडल सोडला आणि थांबली. कडा एकदाही बोलला नाही.

मग ती गुरांची हाक देऊ लागली, घसा फाटेपर्यंत. घंटा हलल्या. बावीस गाई दरी ओलांडून आल्या. तेविसावी लंगडी होती. तिला आणायला माइनराड धावत उतरला.

कडा बोलला तो तेव्हा, कोसळत.

माइनराड अजून तिकडेच आहे.

प्राध्यापकांच्या पुस्तकात उगम चारच आहेत. मला पाचवा वाटतो. कोणीतरी डोंगराला विचारले असावे, 'आहेस ना जागेवर?'

हल्ली मी एका खाणावळीत टांगलेले असते. पाहुणे माझ्यातून ओरडतात, हसतात आणि लगेच जेवायला बसतात. मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. पण हाक मारलीत, तर उत्तर ऐकायला थांबत जा. आणि उत्तर आले नाही, तर ताटावरून उठा.