रौताची माणसं

आउलीने तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. वाफेचा लोट छतापर्यंत चढून खाली उतरला. मग तुओवी म्हणाली,

"तीन उरलीत. तुझं, माझं आणि योर्माचं."

वरच्या फळीवर बसलेल्या योर्माने टॉवेलने तोंड पुसलं आणि पुन्हा पुसलं. फिनलंडमधल्या तळ्याकाठच्या या सौनात, वाफेच्या न्हाणीत, ते दर गुरुवारी जमायचे. रौताची सभा म्हणजे हीच. रौता हे त्यांचं डिजिटल नाणं. ना बँकेचं, ना सरकारचं. लोकांच्या घरोघरी चालणाऱ्या यंत्रांच्या जाळ्यावर जगणारं. गेल्या आठवड्यापर्यंत त्या जाळ्यावर चारशेच्या आसपास यंत्रं दिसत होती. रविवारी रिस्तोने, ज्याने हे सगळं उभं केलं त्याने, चावडीवर दोन ओळी टाकल्या : 'मी थांबतो. रौता आता तुमचं.' चावडी म्हणजे त्यांची गप्पांची जागा, संगणकावरची. सोमवारी उजाडलं तेव्हा रिस्तोचा फोन बंद, दाराला कुलूप, आणि जाळ्यावर तीन यंत्रं.

तुओवीने वीज कंपनीत जन्म काढलेला. तिने दोन दिवस खपून छडा लावला होता. बाकीची सगळी यंत्रं एकाच गोदामात होती, रिस्तोने भाड्याने घेतलेल्या. त्याने भाडं थांबवलं, आणि ती विझली.

"आणि चावडीवरची माणसं?" योर्माने विचारलं.

"तीही त्याचीच. सगळी नावं तोच चालवत होता."

रौताचा एकच नियम होता आणि तो त्यांनी देवाधर्मासारखा पाळला होता : कुणाला खरं नाव विचारायचं नाही. नव्या कुणी चुकून विचारलंच, तर हेच तिघं त्याला धारेवर धरायचे. जगात सगळीकडे ओळखपत्रं मागतात, इथे कुणी मागत नाही, याचा केवढा तोरा होता त्यांना! आता या तोऱ्याचं करायचं काय?

"कुइक्का?" आउलीने विचारलं.

तुओवीने तिच्याकडे न बघता 'तोच' म्हणून मान हलवली.

कुइक्का हे तळ्यावरच्या एका पक्ष्याचं नाव. चावडीवर ते कुणी घेतलं होतं, बाई की पुरुष, आउलीने कधी विचारलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा मार्ती गेला तेव्हा शेजारच्यांनी फुलं आणली, बहिणीने आठवडाभर फोन केले, मग सगळे आपापल्या कामाला लागले. कुइक्का मात्र रोज संध्याकाळी लिहायचा. रौताची एखादी चिल्लर पाठवायची आणि तिच्यासोबत चिठ्ठी जोडायची, अशी पद्धत होती. त्या चिठ्ठ्या रौताबरोबरच जपल्या जायच्या, रौता असेल तोवर. मार्तीचे बूट अजून दारातच आहेत, हिवाळ्यात त्यांच्यावरचा बर्फ मी झटकते, हे आउलीने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. कुइक्काला सांगितलं होतं. कुइक्काने लिहिलं होतं, राहू देत, बुटांची कुणाला अडचण होते?

आणि रिस्तो इथे, याच फळीवर, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा. 'आज वारा आहे' याच्यापुढे एक अक्षर बोलायचा नाही. तिच्या घरातले बूट त्याला माहीत होते, आणि तो वाऱ्यावर बोलत होता. आउलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पळी बादलीत आपटली.

"माझी सागाही?" योर्मा वरून म्हणाला. दोघींनी मान वर केली तसा तो भिंतीकडे बघू लागला. सागा म्हणून कुणी ओउलू शहरातली बाई होती. जूनमध्ये तो तिला भेटायला जाणार होता, रेल्वेचं तिकीटही काढलं होतं. "तिला मासे अजिबात आवडत नाहीत म्हणायची," तो म्हणाला. "मी म्हटलं, फिनलंडमध्ये मासे न आवडणारी बाई, नशीबच लागतं. अरे, रिस्तो तरी कुठे खायचा मासे!"

तुओवीला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच विरलं. रिस्तोची बाजू घ्यावी असा तिचा स्वभाव नव्हता, तरी तिने म्हणून पाहिलं, की रिकाम्या घरात कोण शिरतं, चार माणसं दिसावीत म्हणून केलं असेल सुरुवातीला.

"माझ्याशी बोलून कोणती माणसं येणार होती?" आउली म्हणाली. "केसाने गळा कापला त्याने. आणि वर म्हणतो, आता तुमचं."

मग तुओवीने मुद्द्याला हात घातला. तीन यंत्रांवरही रौता चालेल. तिघांनी मनावर घेतलं तर हळूहळू नवी माणसं येतील, या वेळी खरी. नाहीतर तिघांनी एकदम बंद करायचं. बंद केलं की सगळं जाईल. चिठ्ठ्यासुद्धा. शेवटचं वाक्य बोलताना तिने आवाज खाली घेतला.

आउलीने बादलीतली पळी उचलून भिंतीला टांगली. मग म्हणाली, "बंद." योर्माने बऱ्याच वेळाने हात वर केला. तुओवीने शनिवारी दुपारी बाराची वेळ ठरवली, आणि नेहमीची तळ्यातली बुडी न मारता तिघं घरी गेले.

शनिवारी आउलीने यंत्रावर वाळत टाकलेले हातमोजे उचलले. शेवटची एखादी चिठ्ठी वाचावी असं मनात आलं, पण वाचताना आवाज कुणाचा ऐकू येणार हे तिला ठाऊक होतं. बाराला तिने बटण दाबलं. पंख्याची घरघर थांबली. पाच वर्षांत पहिल्यांदाच घर इतकं गप्प झालं. तिने कॉफी ठेवली. तेवढ्यात फोन वाजला.

"आउली? योर्मा बोलतोय. तुझं यंत्र बंद झालं."

"बारा वाजले. ठरलं होतं आपलं."

"हो."

"तुला दिसलं, म्हणजे तुझं चालूच आहे."

"तुओवीचंही आहे," तो म्हणाला.

"म्हणजे खरं बोलणारी मी एकटीच."

"तसं नाही गं. मी करणारच होतो. पण तुझं गेलेलं बघितलं आणि काळजी वाटली तुझी. डिरेक्टरीतून नंबर काढला."

मायेचा आवाज होता. अशाच मायेवर तिने पाच वर्षं काढली होती.

"काळजी खरी कशावरून?" आउलीने विचारलं.

मागे त्याच्या स्वयंपाकघरातला रेडिओ हवामान सांगत होता, कुणीतरी तो बारीक केला, बहुधा त्यानेच.

"ते मला सांगता यायचं नाही," तो म्हणाला.

आउलीने पायाने खुर्ची ओढली आणि फोन कानाला तसाच धरून ती बसली.