शेवंतीकाकींची अक्कलदाढ

२००७ साली वेंगुर्ल्यातल्या एका मंगल कार्यालयात माणसं जबडा वाढवून घ्यायला जमली होती. व्यासपीठावर डॉ. त्रिलोकेश. कुठले डॉक्टर, हे विचारायचा उद्धटपणा कुणी केला नाही.

"मूळपेशी! म्हणजे स्टेम सेल! एक सुई, आणि झिजलेलं हाड तीन आठवड्यांत भरणार!"

टाळ्या पडल्या. मी विज्ञान शिकवणारा मास्तर. शेजारच्या शेवंतीकाकींना सोबत म्हणून गेलो होतो. ठिसूळ हाडांमुळे त्यांचा जबडा झिजलेला. बंदरावर मासे विकताना त्या म्हणायच्या, "मास्तरानू, मी भाव सांगतंय आणि कवळी पाटयेत पडता!"

सुई टोचली. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी दोन एक्स-रे दाखवून काकींच्या हाती दिले: आधीचा जबडा काटकुळा, नंतरचा गुबगुबीत. "आता हाडांच्या गोळ्या फेकून द्या!" काकींनी दिल्या. कवळी मात्र पडतच राहिली.

मग त्या घसरल्या आणि मनगट मोडलं. गोळ्या चालू असत्या तर वाचलं असतं का, सांगता येत नाही. पण त्या बंद आहेत हे कळताच काकींची कवळी बसवणाऱ्या दंतवैद्य अक्षया परब संतापल्या. त्यांनी दोन्ही एक्स-रे उजेडासमोर धरले आणि हसू लागल्या.

"काकी, सदुसष्टाव्या वर्षी तुम्हाला हिरडीखाली अक्कलदाढ आली?"

"माका? माझी दाढ तर चाळीस वर्षांपूर्वी काढलेली!"

"मग हा 'नंतरचा' जबडा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे."

पुढच्या शिबिरात आम्ही अक्षयाताईंना घेऊन गेलो. काकी प्लास्टरचा हात घेऊन उभ्या राहिल्या. "डॉक्टरानू, ही दाढ खंयसून इली?"

"पेशींची कृपा, माई!" त्रिलोकेशांनी खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. "सगळ्या जिवंत!"

"बर्फाशिवाय बांगडो दुपारपर्यंत रवणा नाय, आणि हे तुमचे जीव उन्हात जगतत?"

सभागृह हसलं. अक्षयाताई म्हणाल्या, "मूळपेशींवर खरं संशोधन चालू आहे, पण त्या अतिथंडीत जपाव्या लागतात. मागच्या शिबिरातली यांची एक बाटली मिळवून मी तपासून घेतली. साधं मिठाचं पाणी आहे."

डॉक्टरांना अचानक मागच्या दाराची आठवण झाली.

काकी पुन्हा गोळ्या घेतात. हात जुळला, तरी जड पाटी उचलवत नाही. म्हणून सांगतो: तुमचा एक्स-रे खरंच तुमचा आहे का, औषध कुणी तपासलं, चालू गोळ्या का बंद करायच्या, हे विचारा. खरा डॉक्टर उत्तर देईल. जो चिडेल, त्याच्यापुढे तोंड उघडूच नका.