पाण्याखालचा खडक

“आणि मध्येच एखादा प्रश्न वाढवावासा वाटला तर?” सरलाताईंनी विचारलं.

“फक्त टाइप करायचा, ताई. बाकीचं मशीन करतं,” इक्बाल हसला. “मला हाक मारायचीही गरज नाही.”

सत्त्याऐंशी साल. मालवणच्या मासळी-अभ्यास केंद्रात एकच कॉम्प्युटर आणि तो चालवणारा देवबागचा इक्बाल. संशोधकांना प्रोग्रॅम लिहिता येत नसे. ते त्याच्या टेबलाशी ताटकळत. म्हणून त्याने खपून एक युक्ती केली होती. पडदा प्रश्न विचारी, इंग्रजी अक्षरांत का होईना, पण मराठीत. माणूस सांगत जाई आणि त्याच्या अभ्यासाचा प्रोग्रॅम आपसूक उभा राही.

सरलाताईंचा अभ्यास मोसमांचा होता : कुठल्या वाऱ्याला कुठली मासळी येते. इक्बालनेच त्यांना घरी नेलं. त्याचा मासेमार बाप फकरुद्दीन आधी बोलेचना. अमकं देऊळ तमक्या माडाआड गेलं की खाली खडक, खडकाशी मासळी. ही खूण बाप लेकाला होडीत नजरेनेच दाखवतो, तोंडाने सांगत नाही.

“जागो खंय लिवन ठेवचो नाय हां, ताई.”

“बाबा, प्रोग्रॅम माजो आसा,” इक्बाल म्हणाला. “त्यात जागेचो प्रश्नच नाय.”

“तू म्हणतंस तर बरा.”

मग म्हाताऱ्याने ताईंना बांगड्याचं तिखलं जेवू घातलं आणि होडीतून दर्या दाखवला, खडकांच्या जागांसकट.

दिवाळीनंतर त्या खडकांवर परक्या ट्रॉलर-बोटी येऊन उभ्या राहिल्या. नेमक्या त्याच खडकांवर. इक्बालने केंद्रात ताईंचा प्रोग्रॅम उघडला. शेवटी एक नवा प्रश्न होता : जागा कुठे? खाली बाबांनी दाखवलेल्या साऱ्या खुणा.

“वरून मागणी होती रे,” ताई म्हणाल्या. “खडकांचा नकाशा दिला नसता तर अभ्यासाची योजनाच बंद झाली असती. पण तुला त्रास नाही दिला, बघ! माझा मीच घातला प्रश्न.”

नुकतंच पोहता येऊ लागलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

रविवारी इक्बाल नेहमीप्रमाणे बाबांबरोबर होडीत बसला. वल्हं चुबकत होतं, किनारा निळा होत मागे सरत होता. ताईंना न दाखवलेली एकच जागा उरली होती.

बाबांनी वल्हं थांबवलं.

“इक्बाल.”

“काय, बाबा?”

“वायच तोंड भायर दर्याकडे कर रे.”

आवाजात राग नव्हता. इक्बाल वळून बसला. पाठीमागे बाप किनाऱ्यावरची खूण जुळवत होता. लेकासमोर नुसतं पाणी होतं.