पिस्ते बिघडले तो दिवस

नवरोजचे नऊ दिवस सरले, तरी इराणातल्या रफसंजानच्या एका गल्लीतल्या दोन जावांनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता. सणात धाकट्यानं थोरल्याकडे आधी जायचं, ही रीत. पण थोरली कोण? खावर वयानं तीन वर्षांनी मोठी, तर तुरान थोरल्या भावाची बायको. मधे कमरेएवढी भिंत. दोघी आपापल्या घरी चहा तयार ठेवून बसलेल्या.

यंदा मान गेला तर जन्माचा गेला, असं खावरनं मनाशी पक्कं केलं होतं. पाहुण्यांपुढचे पिस्ते संपले, म्हणून ती अंगणात चुलीशी बसली. टरफलासकट पिस्ते मीठ, लिंबू आणि केशराच्या पाण्यात भिजवायचे, चांगले निथळायचे, मग मंद आचेवर परतायचे. चाळीस वर्षांचा हात. पण लक्ष सगळं पलीकडच्या दाराकडे! पिस्ते न निथळताच भडक्या जाळावर पडले. टरफलं काळवंडली, आतला गर चिवटच, आणि केशर करपल्याचा वास गल्लीभर.

"अगं ए, काय जाळतेस? सणासुदीला शेजार मारायचाय का?" भिंतीवरून तुरान ओरडली.

"तुझं नाक जळतंय. जा, दाराशी बस वाट बघत."

"आधी खाली उतरव ते!"

खावरनं परात उतरवली, एक पिस्ता चावला आणि तोंड वाकडं केलं.

"चिवट ना? दिसलं मला!" तुराननं अंगावर पांघरलेली चादर खोचली आणि भिंतीवरून टांग टाकून अंगणात उतरली. "मी भेटीला आलेले नाही हं. भेटीला माणसं दारानं येतात."

तिनं काळे पिस्ते वेचून फेकले, उरलेले फडक्यावर पसरून कोरडे केले, जाळ ओढून निखारे ठेवले. दोघी आळीपाळीनं लाकडी डाव फिरवत, एकमेकींच्या सुनांची निंदा करत बसल्या. पिस्ता कुरकुरीत फुटला तेव्हा खावरनं नकळत चहा ओतला, तुरान नकळत सतरंजीवर टेकली.

तेवढ्यात आली अकदस, गल्लीची चालती दवंडी. "अगंबाई! तुरानखानम आधी आल्या? म्हणजे थोरली कोण ते ठरलं एकदाचं!"

नऊ दिवस खावरनं याच वाक्याची वाट पाहिली होती. तिनं तुरानकडे पाहिलं. तुराननं करपल्या पिस्त्यांचा एक शब्द काढला असता तर बाजी उलटली असती. पण ती कान लाल करून मुकाट टरफलं सोलत राहिली.

ते काही खावरला पचेना. जावेनं झाकून ठेवलेल्या फजितीवर मिळालेला मान! थू!

"कसलं आधी न् कसलं काय?" ती कडाडली. "माझे पिस्ते बिघडले, म्हणून धावून आली ती. भेट अजून व्हायचीय. मी करणार आहे, तिच्या घरी, आत्ता."



"आत्ता?" तुरान किंचाळली. "अगं, माझी बैठक आवरलेली नाही!"

"नऊ दिवस काय अंडी उबवत होतीस? ऊठ, गरम आहेत तोवर चल." खावरनं चादर डोक्यावरून घेतली आणि परात कमरेशी धरली. तुरान चपला हातात घेऊन पुढे पळत सुटली. दार उघडून 'या' म्हणायला घरात कुणीतरी नको का?