बाबांच्या सुरीची पांढरी रेघ

काचघरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. लालभडक डेलियांच्या पाकळ्यांवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, आणि रेशमी कफनीतले बाबा चांदीच्या सुरीने वाफ्यावाफ्यातलं एकेक फूल कापत फिरत होते.

"माझी सुरी लागली की पाप गळतं! पाप गळलं की रेघ उमटते!"

"आणि प्रयोगशाळेला काय सापडलं?" चेल्याने आरोळी ठोकली.

"काही नाही!" गर्दी गरजली.

मागे उभ्या, काचघराच्या मालकिणीच्या नणंदेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वनस्पतिरोगांची तज्ज्ञ. पहिल्या तपासणीनंतर तिनेच प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की माहितीतला एकही विषाणू आढळला नाही. बाबांनी 'माहितीतला' हा शब्द तेवढा गिळून टाकला.

आता बाबा आतल्या दालनाकडे वळले. तिथे मातृरोपं होती. पुढच्या हंगामाची सगळी रोपं त्यांच्यापासूनच व्हायची. ती गेली की वहिनीचा धंदा बसला.

"वहिनी, दार उघडू नकोस." दोन कुंड्या सावरत ती गर्दीतून पुढे आली.

"वन्सं, लोकांदेखत तमाशा नको हो!"

"तमाशा केव्हाच सुरू झालाय. मी फक्त पडदा वर करतेय."

"बाई, श्रद्धेला भिंग लावू नका!" बाबा कडाडले.

"भिंगातून दिसतोय कुठे तो! प्रयोगशाळेतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडला, धाग्यासारखा. विषाणू आहे, नवा. आजवर कुणी नोंदवलेला नाही, म्हणून जुन्या चाचण्यांच्या हाती लागला नाही." तिने कुंड्या उंच धरल्या. "दोन्ही रोपं निरोगी होती. रेघवाल्या झाडाचा रस लागलेल्या सुरीने हे छाटलं. मग तीच सुरी उकळली आणि हे दुसरं छाटलं."

पहिल्याच्या फुलांवर रेघा होत्या. दुसरं लालभडक.

"म्हणजे चमत्कार माझ्याही हातून झाला. छाटताना मी बाबांना शिव्या घालत होते, तरी झाला!"

हशा पिकला.

"सुरी उकळली की तिचं तेज जातं!" बाबा ओरडले.

"तेच तर सांगतेय मी."

शेजारचा फूलवाला पुढे सरकला. "ताई, विषाणू तरी आम्हाला कुठे दिसतोय? बाबा म्हणतात विश्वास ठेवा, तुम्हीही तेच म्हणताय."

"मी नाही म्हणत. तुमच्याकडे कुंड्या आहेत, सुरी आहे, पातेलंही असेल. स्वतः करून बघा. मी खोटी ठरले तर इथेच येऊन मला ओरडून सांगा. बाबांना विचारा, त्यांची आहे अशी तयारी?"

बाबा वहिनीकडे वळले. "दार उघड, पोरी. शाप लागेल!"

वहिनी दाराला पाठ लावून उभी राहिली. "सुरी उकळा, मग द्या शाप."

बाबांनी सुरी कफनीत सरकवली.

वहिनी वाफ्यात उतरली. सगळ्यांत देखणं, रेघारेघांचं झाड तिने दोन्ही हातांनी धरलं आणि मुळासकट उपटलं. बायका हळहळल्या. तिचेही डोळे भरून आले होते, पण हात थांबले नाहीत.

"एवढे वाफे मला एकटीला उरकायचे नाहीत," ती गर्दीला म्हणाली. "कोण येतंय? सुऱ्या राहू द्या. डोकं घेऊन या."